सवाई

नाव नकाशावर वाचलं आणि हसू आलं.
सवाई.
आपल्याकडे सवाई म्हणजे सव्वापट,
एक पुरा, वर पाव.
बोटीतून उतरताना मी तो पाव शोधत होते.

इथे धबधब्यालाही घराणं असतं.
वळणावर पत्र्याची शेड, शेडमध्ये बाक,
बाकावर फेतू, शाळेच्या गणवेशात,
मांडीवर बिस्किटांचा डबा:
"पाच ताला. पाणी आमच्या आईकडचं आहे."
पावती नाही. वही आहे, वहीत रेघा आहेत.
माझी एक रेघ मारून घेतली, खाली उतरले,
आणि कुणाच्या तरी आजोळात
गळ्यापर्यंत बुडून उभी राहिले.
वरून नेचे ठिबकत होते.
पाणी इतकं गार
की दातांना आपली संख्या कळावी.

दुसऱ्या दिवशी मोएलांगी.
कमरेला फुलाफुलांची लुंगी,
पायांत रबरी चपला, एकीचा अंगठा तुटलेला,
पिनेने सांधलेला.
काळ्या माळावर ती अशी चालते
जशी मी माझ्या स्वयंपाकघरात, दिवा न लावता.
मी मात्र दर पावलाला दगडाची परवानगी काढत.

"घसरणार नाहीस," ती म्हणाली. "कापेल मात्र."

तापल्या दुधावरची साय बोटाने सरकवावी
तसा सुरकुतलेला दगड, थेट समुद्रापर्यंत.
निवून शंभरावर वर्षं झाली.
माझाही मुलूख असाच ओतीव,
पण तो कोट्यवधी वर्षांचा, मातीला लागलेला;
हा अजून तान्हा. ह्याला दात यायचेत.
या भेगेत एक नेचा, त्या भेगेत एक,
जावळ फुटावं तसे.

एका जागी ती थांबली.
जमिनीत गोल भोक, हातभर रुंद.
"हात घाल."
घातला. आतल्या भिंतीला सालीचे खवले,
उलटे, साच्यातले.
"इथे माझ्या पणजीचा नीरफणस होता.
लाव्हा आला, खोडाला मिठी मारून थांबला.
झाड जळालं. मिठी राहिली."
हे ती येईल त्याला सांगत असणार.
तरी सांगून झाल्यावर वाकली,
चपलेची पिन उगाच काढून पुन्हा लावली.

मी विचारलं, सहा वर्षं हा वाहत होता,
मग बेट वाढलं असेल ना? थोडं तरी? पाव?

"वाढलं ना. तिकडे, टोकाला."
मग हनुवटीने पायांखाली खूण केली.
"गाव इथे आहे."

रविवारी तिच्या अंगणात
याच माळावरचे दगड लाल होईतो तापवलेले,
त्यांवर नीरफणस, मासे, केळीच्या पानांची दुलई.
"घर खाल्लंन् आमचं," तिचा काका म्हणाला,
बांबूच्या चिमट्यात एक दगड धरून,
"आता रांधतोय."
प्रार्थना लांबली. धूर पानांतून वाट काढत होता.
कुत्र्याने एकदाच डोळा उघडला.

शेवटी दक्षिणेचा कडा.
कातळाला भोकं, खालून समुद्र घोरतो.
म्हातारा इओसेफो नारळ घेऊन उभा,
लाटा मोजत: आत्ता नाही. आत्ता नाही.

आमच्याकडे समुद्राला नारळ देतात
तो हळूच, हात जोडून,
आणि तो ठेवून घेतो असं आपण धरून चालतो.
लाटेने परत आणला तर मुलं पळवतात,
मोठी माणसं दुसरीकडे बघतात.

"आत्ता!"
नारळ भोकात गेला आणि उडाला,
ज्या माडावरून उतरवला त्याहून उंच,
वर जरासा रेंगाळला,
मग पाण्यासकट आमच्याच अंगावर.

मोएलांगी खो खो हसली,
पाचशेव्यांदा असेल, तरी खरीखुरी.
माझ्या चष्म्यावर मीठ.
इओसेफोने फुटका नारळ धुंडाळून आणला,
करवंटीतून खोबरं सोडवलं, चार तुकडे केले.
आम्ही तिघं होतो.

चौथा त्याने काळ्या दगडावर ठेवला
आणि पाठ फिरवून
पुढच्या लाटा मोजू लागला.